पोकळ पेटीतला पिवळा फ्रॉक

डेट्रॉइटच्या पश्चिम भागात माझं गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. क्लिओटिस टॉलिव्हर गेल्यानंतर चार महिन्यांनी, ऐन जानेवारीत, त्यांची बायको ओडेसा त्यांची गिटार घेऊन आली. क्लिओटिस मोटारीच्या कारखान्यात काम करायचे, शनिवारी क्लबात वाजवायचे आणि रविवारी चर्चमध्ये. गिटार इलेक्ट्रिक, पण पोकळ पेटीची. अंगावर व्हायोलिनसारखी दोन लांबट भोकं.

ती तडकू नये एवढंच मिस ओडेसांचं (आमच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना असंच म्हणतात) म्हणणं होतं. थंडीत घरोघर हीटर चालतात, हवा कोरडी ठणठणीत होते आणि पेटीचं पातळ लाकूड आकसून उलतं. बघतो म्हणालो आणि गिटार ठेवून घेतली.

त्या गेल्यावर तारा छेडल्या, तर आवाज मुका. अशी पेटी नुसती बोटाने ठोकली तरी घुमते. ही गादीवर थाप मारल्यासारखी वाजली. मला नवल वाटलं नाही. क्लबात आवाज वाढवला की पोकळ गिटार आपलाच आवाज पकडून घुमायला लागते, मग किंचाळते. म्हणून कितीतरी वादक आत चिंध्या कोंबतात. क्लिओटिसही तसंच सांगायचे. दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा मी भोकातून आत सरकवला. आत काहीतरी पिवळं होतं.

तारांखालचा, आवाज टिपणारा पिकअप त्याचे स्क्रू काढून उचलला आणि त्या खाचेतून चिमट्याने ते हळूहळू ओढून काढलं. चिंधी नव्हती. लहान मुलीचा फ्रॉक होता, घट्ट गुंडाळून रिबिनीने बांधलेला.

फोनवर मी एवढंच म्हणालो, की आत कापड निघालंय. मिस ओडेसा दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. फ्रॉक टेबलावर होता. त्यांनी हात लावला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्याकडे न बघता सांगू लागल्या.

त्यांची मुलगी ओपल एकाहत्तर साली मेंदूच्या तापाने गेली, तीन वर्षांची असताना. ओडेसा अंथरुणातून उठत नव्हत्या, म्हणून क्लिओटिसच्या बहिणीने, झेनोबियाने, मुलीचं कपाट आवरलं. बाकी सगळं खोक्यात सापडलं, हा फ्रॉक तेवढा नाही. झेनोबियाने तो दानाच्या कपड्यांत टाकला असं ओडेसांनी धरलं. ती एकदा नाही म्हणाली, दोनदा नाही म्हणाली, मग तिने नाही म्हणणंही सोडलं. बत्तीस वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"मी तिला शिव्या घालायची," मिस ओडेसा म्हणाल्या, "आणि हा माणूस समोर बसून मक्याचा पाव बशीत चुरत असायचा."

ओपल म्हणे गिटारच्या भोकाला तोंड लावून स्वतःचं नाव ओरडायची. आतून घुमारा आला की विचारायची, आत कोण राहतं? ती गेल्यावरही घरात कुणी बोललं की कोपऱ्यातली गिटार हलकेच गुणगुणायची. मग एक दिवस ती गप्प झाली. क्लबासाठी चिंध्या घातल्यात, असं क्लिओटिसने सांगितलं. ओडेसांनी पुढे काही विचारलं नाही.

बोलता बोलता त्या वाकल्या, भोकापाशी ओठ नेले आणि म्हणाल्या, "ओपल."

तिसरी तार थरथरली. तारेला स्वतःचा स्वर ऐकू आला की ती आपोआप हलते, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा समजावलंय. पण मिस ओडेसांचा आवाज जाड, घोगरा. पेटीतून आला तो बारीक होता.

फ्रॉक परत आत घालू का, असं मी विचारलं. कापडाने ओल धरली होती, पेटीतला आधाराचा लाकडी दांडा एका टोकाला सुटला होता, तेही सांगितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "त्याने तिला गप्प बसवलं. मी नाही बसवणार."

मी दांडा चिकटवला, नव्या तारा चढवल्या. हीटरजवळ ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, गिटार पेटाऱ्यात ठेवा, सोबत ओला स्पंज असू द्या, असं बजावलं. त्यांनी ती पेटाऱ्यात ठेवलीच नाही. सोफ्यावर, क्लिओटिसच्या जागी ठेवली.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. घरात कुणी बोलत नसतानाही गिटार वाजते म्हणाल्या. तारा गप्प बसाव्यात म्हणून त्यांच्याखाली सरकवायला मी लोकरी कापडाची पट्टी घेऊन गेलो. कारण लगेच सापडलं: हीटरच्या पंख्याची घरघर नेमकी पेटीच्या स्वरात होती. पंखा बंद केला, गुणगुण थांबली.

"झालं तुझं, बाळा?" त्या म्हणाल्या. "आता बस आणि ऐक."

बसलो. खोली गार पडत गेली. बाहेर बर्फ, रस्त्यावर गाडी नाही. आधी काही नव्हतं. मग सोफ्यावरून जे ऐकू आलं, ते मला पंख्यावर ढकलता येत नाही. मी पट्टी खिशातून काढली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी ती परत ठेवली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. झेनोबिया होती. मिस ओडेसांनीच तिला बोलावलं होतं. ती अंगातला कोट न काढता उंबऱ्यातच उभी राहिली. सोफ्यावर गिटार, शेजारी पिवळा फ्रॉक. तिने दोन्हीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तुला माहीत होतं," मिस ओडेसा म्हणाल्या.

"त्याने शपथ घातली होती, ओडेसा. म्हणाला, या पेटीतून ती मला हाक मारते, मी वेडा होईन. आणि तिचा कपडाच आत घातला तर ती ऐकेल, गप्प होईल."

"आणि मी?"

झेनोबियाने गिटारकडे बघत विचारलं, आवाज रोज येतो का.

"बसलीस तर कळेल," मिस ओडेसा म्हणाल्या आणि फ्रॉक उचलून आपल्या मांडीवर घेतला, बसायला जागा व्हावी म्हणून.

ती बसली. मी निघालो. हीटर पुन्हा लावू का, हे विचारायचं राहूनच गेलं.