प्राचीनं खरं सांगितलं

प्राची बावीस वर्षांची, पण बोलणं सहा वर्षांच्या मुलीसारखं. पाण्यात मात्र तिला तोड नव्हती. सुदामा नगरातून तिची आई नंदिनी रोज सकाळी स्कूटरवर तिला पोहण्याच्या तलावावर सोडायची आणि मग वीज कंपनीतल्या नोकरीवर जायची. नवरा गेल्यापासून घरात दोघीच.

दिवाळीनंतर प्राची सकाळी पोट दुखतं म्हणायला लागली. एकदा केस पुसताना नंदिनीचा हात मानेला लागला तशी ती दचकून ओरडली.

"काय झालं, बेटा?"

"सर डोकं दाबतात. पाण्यात. चुकलं की."

नंदिनीनं टॉवेल खाली ठेवला आणि तिला जवळ घेतलं. एक शब्दही खोटा वाटला नाही तिला.

दुसऱ्या दिवशी तलावावर तिनं विचारलं, तर पोहणं शिकवणारे रघुवीर सर हसले. "दम वाढवायला करावं लागतं, नंदिनीजी. इन बच्चों को बोलने से समझता है क्या?"

तिनं अशा विशेष मुलांची बॅच चालवणाऱ्या क्रीडा संघटनेकडे तक्रार केली. दोन बाया चौकशीला आल्या, एकेका मुलाशी वेगळं बसून बोलल्या. बॅचमधल्या धनेशला तर बोलताच येत नव्हतं. सरांचं नाव घेताच त्यानं स्वतःचीच मान धरून खाली दाबली आणि श्वास रोखून तसाच बसून राहिला. बाजूला बसलेली त्याची आई शशिकला ते बघत होती.

सरांना काढलं. पोलिसात केस झाली. पण या मुलांना शिकवणारं दुसरं कोणी मिळेना, म्हणून बॅचच बंद पडली.

शशिकला भाजी बाजारात भेटली. "धनेशचं नॅशनल गेलं ना," ती म्हणाली. "सर कडक होते, पण मेडल तर आणत होते. आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. तुम्ही जरा थांबायला हवं होतं."

"तुम्ही पाहिलंत ना, त्यानं काय केलं ते?"

शशिकलाचे डोळे भरले. "पाहिलं. म्हणूनच तर झोप येत नाही," ती म्हणाली आणि पिशवी न भरताच निघून गेली.

प्राची मात्र रोज पोहायची टोपी घालून दारात उभी राहायची. बॅच बंद झाली, हे नंदिनी तिला पुन्हा पुन्हा समजावायची. एका सकाळी प्राचीनं टोपी काढून आईच्या हातात दिली.

"सॉरी, मम्मी. आता नाही सांगणार."

"तू बरोबर केलंस, राणी. चूक सरांची होती."

प्राचीनं हो म्हणून मान हलवली. आई चिडली की ती अशीच मान हलवायची.

नंदिनी आता नवा तलाव शोधते आहे. दोन ठिकाणी नाही म्हणाले, एकांनी बघू म्हटलंय.

परवा पोळ्या करताना प्राचीचा हात तव्याला लागला. नंदिनीला ते जेवताना कळलं, कारण प्राची डाव्या हातानं जेवत होती. उजवा हात मांडीखाली होता. बोटांवर टचटचीत फोड आले होते.

"अगं, केव्हा भाजलं? सांगितलं का नाहीस?"

"काही नाही झालं, मम्मी," प्राची म्हणाली आणि हात पुन्हा मांडीखाली घेतला.