फळ्यावरची कामसहल

मी कामसहल बोलतेय. हो, शब्दच आहे मी. वय अवघं दीड वर्ष, पण मुक्काम बऱ्याच हॉटेलांत झालाय.

माझा जन्म एका पर्यटन कंपनीच्या ऑफिसात, पांढऱ्या फळ्यावर झाला. तिथला रिवाज असा, की जाहिराती लिहिणाऱ्यांनी दर सोमवारी सहलींसाठी नवे शब्द काढायचे आणि शुक्रवारी साहेबांनी एखादा ठेवून बाकीचे पुसायचे. माझ्या शेजारी झोपसहल होती, बिचारी. "झोपायला कोण एवढ्या लांब जाणार?" म्हणत साहेबांनी तिच्यावर फडकं फिरवलं. मला पाहून मात्र खूश झाले. फळ्याच्या कोपऱ्यात मला कायमची जागा मिळाली.

मला घडवलं ताईंनी: सहलीला जायचं आणि तिथूनच ऑफिसचं कामही करायचं, ती मी. ऑफिसात त्यांना सगळे ताईच म्हणतात. माहितीपत्रकावर मी छान दिसायचे. मागे समुद्र, पुढे आरामखुर्चीत एक माणूस, मांडीवर लॅपटॉप. उन्हात त्या माणसाला पडद्यावर काडीचंही दिसत नसणार, पण हसत होता.

मग ताईंनीच चार दिवस रजा मागितली. त्यांच्या सात वर्षांच्या लेकीला, ठकीला, समुद्र दाखवायचं दोन वर्षांपासून कबूल केलं होतं.

"रजा कशाला वाया घालवता, ताई?" साहेब म्हणाले. "कामसहलीवर जा की! तुमचीच तर कल्पना."

ताईंनी कपड्यांबरोबर लॅपटॉपही बॅगेत भरला. आपल्याच शब्दाला नावं कशी ठेवणार?

हॉटेलच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. ठकी पोहायचे कपडे घालून, बादली घेऊन दारात बसली.

"आई, झालं?"

"पाचच मिनिटं गं राणी."

ती पाच मिनिटं चार दिवस चालली. तिसऱ्या दिवशी ठकीने बादलीत नळाचं पाणी भरलं आणि त्यात पाय बुडवून बसली. रडली नाही, काही नाही. मला मेलीला फार लाज वाटली.

परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी कामसहल नको. नुसतंच जाऊ या."

ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या.

या सोमवारी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: सुट्टी.

"अहो, यात नवीन काय?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या मुलीने अजून पाहिलेली नाही," ताई म्हणाल्या.

आज गुरुवार. उद्या साहेब फडकं घेऊन येतील. साहेब, माझी काही तक्रार नाही, खुशाल पुसा मला. सुट्टीला तेवढं राहू द्या.