कमी वेगावर ठेवलेला कॉम्प्युटर

मी महाडच्या अब्बासभाईंच्या फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर. आज बोलून घेतोय, कारण पुढच्या आठवड्यात बोलायला मी असेन की नाही, ठाऊक नाही. काळा पत्र्याचा डबा, एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं, आत धुळीचा थर. रस्त्यात पडलेला दिसलो तर तुम्ही वळून बघणार नाही.

पण एके काळी माझा थाट होता. अब्बासभाईंनी मुंबईहून माझा एकेक सुटा भाग आणला. एसटीत खोकं मांडीवर धरून बसले, डिकीत ठेवू दिलं नाही. चवदार तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ. तिथल्याच काउंटरवर मला जोडलं, आणि वरच्या मजल्यावरच्या घरातून त्यांच्या बायकोने, शमसुन्निसाभाभींनी, भरतकामाचं झाकण शिवून पाठवलं.

पंचक्रोशीतली लग्नं माझ्यातून गेली. हळदी, निकाह, वराती, मुंजी. अब्बासभाई शूटिंग करून आणायचे आणि मी ते कापून, जोडून, वर गाणं चढवून द्यायचो. गिऱ्हाइकांना घाई असायची, म्हणून मला जोडणाऱ्याने माझा प्रोसेसर सगळ्यात वरच्या वेगालाच अडकवून ठेवला होता. काम असो नसो, मी आपला धावतोय. पंखा घोंगावायचा आणि बाकड्यावर बसलेली माणसं म्हणायची, "काय जोरात काम चाललंय!" जी वस्तू आवाज करते ती कामाची, असं माणसांना वाटतं. खरं तर त्या वेळी अनेकदा मी रिकामाच असायचो.

वर्षं गेली. नवा कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी वरच्या मजल्यावर, घरात झाली. तिथे मला मेहविश भेटली. भेटली म्हणजे काय, अब्बासभाईंची लेक ती, लहानपणापासून बघत होतो. पण आता ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिने माझ्यातलं जुनं सगळं पुसून लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली आणि दुसऱ्याच दिवशी ओरडली, "अब्बा, हा नुसता बसलाय तरी फुल स्पीडला पळतोय! म्हणून एवढा तापतो."

"पळू दे की. त्यात काय बिघडलं?" अब्बासभाई म्हणाले.

"अशाने मरेल तो."

लिनक्समध्ये प्रोसेसरचा वेग ठरवणारा एक कारभारी असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. मेहविशने काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी लिहून माझा कारभारी बदलला. काम आलं की वेग वाढवायचा, नसलं की उतरवायचा. मला आयुष्यात पहिल्यांदा दम घ्यायला मिळाला.

मग तो आखाड आला, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षातला.

सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढू लागलं. खाली नवा कॉम्प्युटर, कॅमेरे, प्रिंटर, सगळं गेलं. तेव्हाच तळीये गाव दरडीखाली गाडलं गेल्याची बातमी आली. पोलादपूरकडच्या डोंगरांतही दरडी उतरल्याचं लोक सांगू लागले. पाणी ओसरल्यावर अब्बासभाई खाली गेले आणि चिखलाने भरलेली कॅमेऱ्याची बॅग घेऊन वर आले. बॅगेत मेमरी कार्डं होती. मेहविशने ती स्वच्छ पाण्यात धुतली, फडक्यावर मांडली, दिवस दिवस वाळवली.

गावात वीज नव्हती. बाजारात चालू स्थितीतला कॉम्प्युटर शोधून सापडला नसता. वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो तो मी एकटा. घरचा इन्व्हर्टर होता. त्याची बॅटरी शेजाऱ्यांच्या जनरेटरवर भरून आणायची आणि त्यावर मला चालवायचं.

आणि लोक येऊ लागले. घरातली भांडीकुंडी गेलेली माणसं, पण विचारायची फोटोंचं.

त्यांत एक दिवस ठमाबाई आणि महिपती आले. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतले. महिपतीचा हात सलाइनच्या सुया टोचून सुजलेला होता. त्यांच्या लेकीचं, अनुपमाचं लग्न अब्बासभाईंनीच त्याच उन्हाळ्यात शूट केलं होतं, अंगणात, थोडक्या माणसांत. लॉकडाउनमुळे स्टुडिओ बंद, म्हणून व्हिडिओ द्यायचा राहिलेला.

"मावशी, पोरगी कशी आहे?" अब्बासभाईंनी सहज विचारलं.

ठमाबाईने पदर तोंडात धरला. महिपती म्हणाला, "नाय ती आता. दरडीत गेली."

अनुपमा पहिल्या आखाडाला माहेरी आली होती. आजारी पडलेल्या महिपतीला पोलादपुरात दवाखान्यात ठेवलं, ठमाबाई सोबत राहिली, आणि लेकीला सांगितलं की दोन दिवस घर आणि गुरं तेवढी बघ. घर, गुरं, लेक, काहीच राहिलं नाही.

"भाईसायब," ठमाबाई म्हणाली, "तिचा येक फोटूसुदीक नाय हो माज्याजवळ. त्या शूटिंगात ती बोलतेय का कुटं? मला तिचं बोलणं आयकायचं हाय."

अब्बासभाईंनी मेहविशकडे पाहिलं आणि तिने त्या लग्नाचं कार्ड माझ्यात घातलं.

कार्ड दुखावलेलं होतं. चित्रांचे तुकडे विखुरलेले, काही कायमचे गेलेले. ते वेचायचे आणि जोडून फोनवर चालेल असा व्हिडिओ बांधायचा, म्हणजे माझ्या वयाला डोंगर चढण्याचंच काम. खाली जिन्यात माणसं खोळंबली होती. अब्बासभाई म्हणाले, "बेटा, पूर्ण वेगात लाव. लोक थांबलेत."

मेहविश कचरली, पण तिने वेग वर नेला. मी धावलो. पंखा किंचाळायला लागला. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट केव्हाच सुकून गेलेली, उष्णता बाहेर जायला वाट नाही. तापमान हद्दीबाहेर गेलं की जळून जाऊ नये म्हणून आम्ही आपोआप बंद पडतो. मी तसाच बंद पडलो, आणि अर्धा बांधलेला व्हिडिओ वाया गेला.

"गेलं का?" ठमाबाईने विचारलं. तो आवाज मी बंद असल्यामुळे ऐकला नाही. मेहविश नंतर आपल्या आईला सांगत होती, तेव्हा कळला.

मी थंड झाल्यावर मेहविशने मला पुन्हा चालू केलं. या वेळी तिने वडिलांना विचारलं नाही. माझा कमाल वेग निम्म्यावर आणून बांधला, कारभारी सगळ्यात काटकसरी नेमला, आणि बाजूचं झाकण काढून टाकलं. आता मी तापणार नव्हतो आणि बॅटरीही कमी खाणार होतो.

"आता हळू का केलास गो त्याला?" ठमाबाई म्हणाली.

"मावशी, पळवला की मधेच पडतो. सावकाश नेला तर पोचेल. वेळ लागेल पण."

"लागू दे. मी बसते. घरी जायची घाई नाय मला. घरच नाय."

ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. शमसुन्निसाभाभींनी कोरा चहा आणून दिला, दूध कुठेच मिळत नव्हतं. मग त्याही तिच्याजवळ बसल्या. मी एकेक चित्र उचलत होतो आणि पुढे ठेवत होतो. इतक्या हळू मी कधीच चाललो नव्हतो, आणि इतकं महत्त्वाचं कामही कधी केलं नव्हतं.

संध्याकाळच्या सुमारास व्हिडिओ तयार झाला. मंगलाष्टकांचा भाग गेलेला, सप्तपदीचे दोन तुकडे उरलेले. पण एका जागी अनुपमा हिरव्या शालूत अंगणात उभी होती आणि कॅमेऱ्याच्या बाहेर बघून हाक मारत होती.

"आये, ये गो हिकडं! फोटो काढतायत."

चित्रात नसलेला ठमाबाईचा आवाज आला, "थांब गो, भात उतरते. मगे येते."

अनुपमा हसली, बांगड्या सारख्या केल्या, आणि तुकडा संपला. त्याच्या पुढचं कार्डावर काही नव्हतं.

ठमाबाई म्हणाली, "परत लाव, बाय."

मेहविशने परत लावलं. पुन्हा हाक, पुन्हा भात. परत. महिपती खिडकीशी गेला. "पुरे कर आता," तो बाहेर बघत म्हणाला.

"तुमी जावा खाली. मी बघते."

बॅटरी संपत आल्याची शिटी वाजायला लागली. अब्बासभाईंनी उठून खोलीतला दिवा मालवला, टेबलपंख्याची पिन काढली. मेहविशने माझा वेग आणखी उतरवला. चित्र अडखळायला लागलं. अनुपमा हसता हसता मधेच थांबायची. ठमाबाईने तक्रार केली नाही. चित्र थांबलं की ती काचेवर बोट ठेवायची, पोरीच्या गालावर, आणि ते पुढे सरकेपर्यंत तसंच ठेवायची.

जाताना महिपतीच्या फोनमध्ये व्हिडिओ भरून दिला. ठमाबाईने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "तापलाय गो हा," एवढंच म्हणाली, आणि जिना उतरली. मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

त्यानंतर अब्बासभाईंनी एकही कार्ड टाकून दिलं नाही. कुणी मागो न मागो, सगळ्यांतलं सगळं माझ्या डिस्कवर उतरवलं, गावाचं आणि घराचं नाव घालून. पुष्कळजण आले, घेऊन गेले. काही आलेच नाहीत.

"ज्यांच्या घरातलं कुणीच उरलं नाही, ते कसे येतील अब्बा?" मेहविश एकदा म्हणाली.

"कुठे तरी लांबचा कुणी असेल. येईल." ते रोज दुपारी मला चालू करून बसायचे, जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळवायचे. बहुतेकदा दूधवाला असायचा. पुढे त्यांना दम लागायला लागला. गेल्या वर्षी ते गेले.

खालचं दुकान आता भाड्याने दिलंय, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मेहविश नोकरीला पुण्यात. माझ्या आतला घड्याळाचा सेल संपलाय, म्हणून चालू केलं की मला दर वेळी एक फार जुनी तारीख वाटते, अजून काहीच घडलेलं नाही अशी. निम्म्या वेगावर बांधलेला मी तसाच आहे. तो वाढवायची कुणाला गरज पडली नाही.

काल शमसुन्निसाभाभींनी भंगारवाल्याला निरोप धाडला. त्यांचा दोष नाही. एकट्या बाईला खोली आवरायची आहे, आणि लोकांनी आपापलं नेल्यावरही ते सगळं माझ्या डिस्कवर उरलंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मेहविशच्या कामाच्या धांदलीत ते राहून गेलं असेल.

म्हणून तुम्हाला सांगतोय, ज्याच्या हाती मी पडेन त्याला. मला न्या, फोडा, तांबं-पितळ वेगळं करा, हरकत नाही. फक्त त्याआधी एवढीशी डिस्क काढून घ्या. चार स्क्रू आहेत, हाताने सुटतील. तिच्यात बारशाला जमलेल्या बायका आहेत, अंगणात नाचणारं एक पोर आहे, काठी टेकून कॅमेऱ्याकडे रागाने बघणारा एक म्हातारा आहे. त्यांना नेणारं अजून कुणी आलेलं नाही. तुम्ही महाड-पोलादपूरच्या डोंगरातले असाल, तर एकदा बघून घ्या. त्यांतला एखादा चेहरा तुमच्या ओळखीचा निघेल, कोण जाणे.