खालच्या ओठाची डावी बाजू

ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढून आईचे कान केव्हाच गेले होते. मागावरच्या बायका नुसते ओठ हलवून एकमेकींच्या चुगल्या करत. तीच विद्या तिला पुढे कामी आली. घरात ती लेकीच्या ओठांवरून ऐकायची. आणि लेक एका दुपारी तेच ओठ इंजेक्शनं घेऊन फुगवून आली.

"अगं, माझे कान होते ते! मला विचारायचंस तरी!"

लेक काहीतरी बोलली. आईला ओ की ठो कळेना. शेवटी लेकीने दवाखान्याचा कागद तिच्या हातात दिला. बर्फ फडक्यात गुंडाळून हलकेच लावा. ओठ चोळू नका. दोन दिवस गरम पिणं, स्ट्रॉ, लिपस्टिक बंद. उंच उशीवर उताणं झोपा. सूज येणारच, पण दुखणं वाढलं, कातडी पांढरी पडली, तर ताबडतोब या.

आईने चष्मा चढवला आणि पहाऱ्यालाच बसली.

"हसू नकोस."

"मी कुठे हसतेय? तोंडच तसं झालंय," लेकीने मोबाईलवर लिहून दाखवलं.

दिवस कलताना आईला खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला नखाएवढा पांढरा चट्टा दिसला, भोवती जांभळट जाळी. तिने आधी शेजारी, मग चट्ट्यावर बोट अलगद टेकवून उचललं. शेजारी लाली लगेच परतली. तिथे नाही.

"मघापेक्षा जास्त दुखतंय?"

लेकीने होकारार्थी मान हलवली, पण लिहिलं, "सूज आहे गं. दवाखान्यात गेले तर भरलेलं सगळं विरघळवून टाकतील. शनिवारी फोटो आहेत माझे!"

"तुझा ओठ मी तुझ्याहून जास्त पाहिलाय. तिथलं रक्त थांबलंय. ऊठ, चप्पल घाल!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून पाहिला आणि त्यांचं हसूच मावळलं. भरलेलं विरघळवणारी इंजेक्शनं त्यांनी थांबून थांबून दिली. रंग परतेपर्यंत मायलेकींना हलू दिलं नाही.

चौथ्या दिवशी सूज उतरली. लेक स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक. साखर जरा जास्त," आई म्हणाली आणि डोळे पुसायला उगाच खिडकीकडे वळली.

डॉक्टरीणबाईंनी पुढे कागदावरची शेवटची ओळ सगळ्यात वर, ठळक अक्षरांत छापली. लेकीने चार वर्षांनी पुन्हा ओठ भरून घेतले, थोडेसेच. आई बाहेर कागद घेऊन बसली होती. पुढे आईला मोतीबिंदू झाला, तेव्हा ती ऑपरेशनला एक दिवसही थांबेना.

"लवकर करा हो," ती म्हणाली, "मला ऐकू येईनासं झालंय."