खड्ड्याची राखण

डुक्कर पुरून भाजायच्या खड्ड्याशी, त्याच्या पोटात तापलेले दगड भरताना काहिको नेहमीचं वाक्य बोललाच. "मांस कच्चं निघालं तर दोष खड्डा लावणाऱ्याचा! राखणारा काय, नुसता बसलेला असतो."

नोहेआच्या अंगाची लाहीलाही झाली. हेच बोलून या आतेभावाने तिच्या बापाला जिवंतपणी मारलं होतं. तिच्या बापासारखा, पालानीसारखा, खड्डा अख्ख्या बेटावर कोणी लावत नसे. पण लुकियाआत्याच्या मुलीच्या लग्नात डुक्कर कच्चं निघालं. राखणीला होता काहिको, आत्याचाच मुलगा. तो पिऊन आंब्याखाली घोरत होता आणि वाफ भसाभसा निघून जात होती. नोहेआने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण पोरीचं ऐकतंय कोण! खड्डा कसा लावायचा तेच म्हातारा विसरला, असं सगळे म्हणाले. सख्ख्या बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. खाली मान घालूनच तो गेला.

नोहेआला एकच हवं होतं. काहिकोने चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने खरं बोलावं.

आज त्याच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता, सगळं खोरं जेवायला येणार होतं.

"दादा, राखणीला मी बसते," ती म्हणाली.

"बस की! तेवढीच सावलीत आराम करशील."

केळीची ठेचलेली खोडं, पानं, ओली पोती, ताडपत्री, वर माती. सगळं झाकून काहिको पाहुण्यांत मिरवायला गेला. उन्हं चढली तशी कडेने वाफेची बारीक रेघ निघाली. फावडंभर मातीचं काम. बापाची सवय, तिचा हात फावड्याकडे गेलाच. मग तिने ते बाजूला ठेवलं.

"जा बाई," ती वाफेला म्हणाली, "खुशाल जा."

वाईट वाटलं ते त्या तान्ह्याचं. त्याचा काय गुन्हा! पण ती उठली नाही.

पोती काढली तेव्हा सगळे भोवती जमले होते. काहिकोने ऐटीत तंगडी ओढली. तंगडी हलेना. सांध्यातून लाल पाणी आलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"अगंबाई! दादा, हात म्हातारा झाला का रे तुझा?" नोहेआने विचारलं.

"माझा हात? वाफ सोडलीस तू, सटवे! राखणाऱ्याने वाफ सोडली की लावणारा काय कपाळ करणार? शेंबड्या पोरालाही कळतं हे!"

"हो, सोडली मी. म्हणजे दोष राखणाऱ्याचा?"

"राखणाऱ्याचाच! शंभरदा सांगेन!"

लुकियाआत्या काठी टेकत पुढे आली.

"काहिको, तुझ्या बहिणीच्या लग्नात राखणीला कोण होतं रे?"

काहिको फावडं उचलून उगाच माती ओढू लागला.

"बोल ना मेल्या! मी माझ्या भावाच्या मातीलासुद्धा गेले नाही!"

"मी होतो," काहिको पुटपुटला. "झोप लागली होती."

आत्या तिथेच मातीत बसली आणि भावाचं नाव घेऊन हंबरडा फोडून रडू लागली. नोहेआने वाडगाभर पोई, अळूच्या कंदांची ती घट्ट लापशी, घेतली, वर मीठ भुरभुरलं आणि बोटांनी निपटून खाल्ली. आत्याने रडता रडता तिच्याकडे हात पसरले.

नोहेआने आणखी पोई वाढून घेतली.