मास्तरांनी मला का निवडलं

मित्रांनो, मी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकावरचा एक जुना टीकाग्रंथ आहे. नाव भारदस्त, अंग मात्र पाप्याचं पितर! पवित्र शास्त्रातला अवघड मजकूर उलगडून सांगणं हे माझं काम. एका म्हाताऱ्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, अकरा वर्षं खपून मला मराठीत लिहिलं. छापून आलो तेव्हा दोन-चार जणांनी पाठ थोपटली. मग कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती वाचनालयात खालच्या फळीवर मी पडून राहिलो. वरच्या फळीवर सोनेरी अक्षरांचे गलेलठ्ठ ग्रंथ होते. वाचक त्यांनाच उचलायचे. मला आवडीनं चाळलं ते फक्त कसरीनं.

१९९८ साली गणपतराव मास्तर आले. हातकणंगल्याच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि तिथल्या चर्चच्या लहानशा मंडळीत रविवारी संदेश देणारे. त्यांनी ईयोबावरचा एक सोनेरी ग्रंथ काढला, चौथा अध्याय उघडला, वाचला आणि ग्रंथ परत ठेवला. दुसरा काढला. पुन्हा चौथाच अध्याय, आणि पुन्हा जागच्या जागी.

ग्रंथपाल आकाराम वैतागले. "मास्तर, वांगी निवडायला आलाय व्हय? घ्या की कुठलंबी! देवाचंच हाय सगळं."

"तसंच घेतलं हुतं, म्हणून तर घात झाला," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते मी खालून कान देऊन ऐकलं. मंडळीतल्या धोंडुबाईंचा तरणा मुलगा विहिरीत बुडून गेला. प्रार्थनेच्या वेळी काय वाचावं हे मास्तरांना सुचेना. त्यांच्याकडे बायबलमधून विषयवार वेचलेल्या वचनांचं एक जाडजूड पुस्तक होतं. 'दुःख' या मथळ्याखालची पहिली ओळ त्यांनी वाचली: निरपराध माणसाचा कधी नाश झाला आहे काय? भर चर्चमध्ये धोंडुबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हंजे माझ्या पोरानं पाप केलतं म्हणून गेलं व्हय?" त्या बाहेर पडल्या त्या दोन वर्षं झाली तरी फिरकल्या नाहीत.

ती ओळ ज्यातली होती, ते ईयोबाचं पुस्तक पुढे मास्तरांनी सगळं वाचलं आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. ती ओळ देवाची नव्हतीच! लेकरं गमावलेल्या ईयोबाला त्याचा मित्र अलीफज चौथ्या अध्यायात ते ऐकवतो, आणि शेवटी देव त्या मित्रालाच खडसावतो.

"इथं कोण बोलतंय, एवढं जो सांगंल, त्योच ग्रंथ मला पायजे," मास्तर म्हणाले. सोनेरी ग्रंथांपैकी एकानं त्या ओळीतल्या एका शब्दावर दोन पानं खर्ची घातली होती. दुसऱ्यानं ती ओळच गाळली होती.

शेवटी आकारामांनी मला ओढून काढलं. माझ्या चौथ्या अध्यायात पाळकांनी लिहिलं होतं: "हे अलीफजाचे शब्द आहेत. शोक करणाऱ्यापुढे ते वाचू नयेत. हे बोलण्याआधी अलीफज सात दिवस मुकाट्याने ईयोबाशेजारी बसला, तेवढेच त्याचे सांत्वन खरे."

मास्तरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते धोंडुबाईंच्या दारात गेले. त्या शेंगा फोडत होत्या. मास्तर जमिनीवरच बसले. "आक्का, चुकलं माझं. त्ये देवाचं बोलणं न्हवतं," म्हणाले आणि माझं पान वाचून दाखवलं.

धोंडुबाईंनी हात थांबवला. "मग माझं पोर का गेलं, ह्ये लिवलंय का त्यात?"

मास्तरांनी माझं शेवटचं पान काढलं. तिथं पाळकांनी लिहिलं होतं: "निरपराध्याला दुःख का, हे मला समजलेले नाही. ईयोबालाही देवाने ते सांगितले नाही."

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "ह्ये लिवणारा माणूस खरं बोलतोय." आणि जरा थांबून, "पर मास्तर, त्ये तुमी चर्चात बोललासा न्हवं? मग चर्चातच सांगा की! माझ्या पोराला सगळ्यांनी पापी धरलंय."

मास्तरांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनं दाखवलेला माणूस तो! पण रविवारी ते उभे राहिले. मी त्यांच्या हातात होतो. "पवित्र शास्त्र समजून न घेता मी या माउलीला दुखवलं. तिच्या लेकराचा काही दोष नव्हता," ते म्हणाले. शेवटच्या बाकावर धोंडुबाई पदर तोंडाला लावून रडल्या. दोन वर्षांत त्या चारचौघांत पहिल्यांदाच रडल्या, असं नंतर बायका सांगत होत्या. उपासना संपली तरी त्या उठल्या नाहीत. मास्तर जाऊन शेजारी बसले. या वेळी त्यांनी काहीच वाचलं नाही.

पुढे पार लांबच्या मुरगूडपासूनची माणसं मास्तरांकडे यायची आणि विचारायची, टीकाग्रंथ कुठला घेऊ? ते म्हणायचे, "जिथं तुमचं अडलंय त्येच पान उघडा. तिथनं पळून जाणाऱ्या ग्रंथाला खाली ठेवा."

आता माझी शिवण उसवली आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याच्या दुःखापुढे मला उघडाल, तर आधी स्वतः नीट वाचून घ्या. आणि माझंही काही चुकलेलं सापडलं, तर मास्तरांसारखं चारचौघांत सांगा.