सोमवारची चक्की

साधनाने डब्यातले पीठ चिमटीत धरून उजेडाकडे नेले, बोटांवर चोळून पाहिले. पांढरे, किंचित खरखरीत. तांदळाचेच. पण डोळ्यांना दिसत नाही तेच तर तिला शोधायचे होते.

चुलीवर तवा तापला होता. तिच्या सासूबाईंनी, सुगंधाबाईंनी, आयत्यांसाठी, म्हणजे तांदळाच्या धिरड्यांसाठी, पीठ पातळ कालवून ठेवले होते आणि सात वर्षांची खुशबू आजीला चिकटून पहिल्या आयत्याची वाट पाहत होती.

“आई, हे कुठे दळलं?”

“चक्कीवर. अजून कुठी?” सुगंधाबाईंनी मान वर केली नाही.

साधनाने डबा खाली ठेवला. गावात चक्की एकच, गुणवंतरावांची, आणि साऱ्या गावाचा गहू तिथेच दळला जाई. नागपूरच्या डॉक्टरांनी खुशबूचा आजार ओळखला त्याला वर्ष होत आले होते. गहू बंद, रवा-मैदा बंद, बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. बाजारच्या हिंगात गव्हाचे पीठ असते, हे एम.एस्सी. झालेल्या साधनाला तेव्हा कळले. पुडीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय मग तिने घरात काही आणले नाही. पोर आता भरली होती, गाल दिसू लागले होते.

शेवटचे पोट दुखले होते ते याच घरात, दिवाळीत. धानाच्या या पट्ट्यात भात रोजचाच. लाडाच्या माणसाला गव्हाची सुवारी म्हणजे पुरी तळावी लागते. नातीला नुसत्या भातावर कसे उठवायचे, म्हणून सुगंधाबाईंनी तिला मागच्या दारी एक सुवारी चारली. पोर दोन दिवस कळवळली. साधना तेव्हा बरेच बोलली. गव्हाच्या चक्कीवरचे तांदूळसुद्धा चालत नाहीत, पीठ हवेत उडते, इथपर्यंत. सुगंधाबाई सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. त्यानंतर चार महिने फोनवर ‘पोरगी बरी हाये ना’ एवढेच. आज साधनाच्या नवऱ्याला, प्रवीणला, अचानक सुट्टी मिळाली म्हणून तिघे चंद्रपूरहून न कळवताच आले होते.

“मी चक्कीवर जाऊन येते,” साधना म्हणाली. “तोवर तिला देऊ नका.”

“जा ना, पाहून ये.” सुगंधाबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले. “हिलेबी ने. इथी थांबन नाई ते.”

साधना खुशबूला घेऊन पोचली तेव्हा चक्कीच्या खोलीची फरशी धुतलेली होती. मोठ्या चक्कीवर ताडपत्री बांधलेली. गुणवंतराव स्टुलावर पेपर वाचत होते. साधना कधी चक्कीवर आलेली नव्हती. त्यांनी तिला ओळखले नाही.

“गहू असन तं उद्या आना, बाई. सोमवारी निस्ते तांदूळ.”

का, ते त्यांनी न विचारताच सांगितले. दिवाळीनंतर सुगंधाबाई इथल्या पायरीवर येऊन बसल्या आणि उठेचनात. कोपऱ्यात एक लहान चक्की बंद पडून होती. तिला नवे दगड बसवायला लावले. त्या दगडांना आजवर गव्हाचा दाणा लागलेला नाही. तेवढ्यावर भागले नाही, कारण पीठ म्हणे हवेत उडते. म्हणून रविवारी सगळी खोली धुवायची आणि सोमवारी मोठी चक्की बंद. दर सोमवारी बाई तांदूळ घेऊन हजर.

“मी म्हटलं, बाई, नात तं चंद्रपूरले, पीठ कोन खाते? तं म्हनते, आमी खातो. ते अचानक आली तं मंग दळाले धावू काय?”

साधना ताडपत्रीची गाठ पाहत राहिली. तेवढ्यात गावातलीच कलाबाई डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन आली, आणि ताडपत्री पाहून दारातच थबकली.

“आजबी सोमवारच काय? चार महिने झाले, त्या खुशबूच्या पायी माया घरी पोळीचे वांधे. हाये तरी का ते पोरगी, का सुगंधाबाईले सपनात दिसली?”

“मी आहे ना,” खुशबू म्हणाली.

कलाबाईने डबा खाली ठेवला. तिला वरून खालपर्यंत पाहिले.

“हे? इतकीशी?” मग गुणवंतरावांकडे वळून म्हणाली, “अन् आपन एवढे मोठे लोक भेऊन राह्यलो हिले.”

गुणवंतराव हसले, खुशबू हसली. साधनाला हसताना पदर डोळ्यांना लावावा लागला. कलाबाईने डबा पुन्हा डोक्यावर घेतला आणि भातच टाकते म्हणत निघून गेली.

घरी तवा पुन्हा चढला होता.

“आई, तुम्ही सांगितलं का नाही?”

“सांगतलं असतं तरी तू पाहाले गेलीच असती.” सुगंधाबाईंनी तव्यावर पीठ फिरवले. कडा जाळीदार सुटत गेल्या.

“गेलेच असते,” साधना म्हणाली. पहिला आयता ताटलीत पडला तशी ती उठली आणि अंगणात, प्रवीण खाटेवर बसला होता तिथे, जाऊन टेकली.

“पोरगी?” त्याने विचारले.

“आहे आत, आईंजवळ. खाते आहे.”

त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिले. आत खुशबू चौथा आयता मागत होती.